वेक्ट-दोन

"पुसून टाक," राग्नवाल म्हणाला,
"नवा हिशेब आता दूर ट्रॉन्डहाइमच्या कुठल्याशा यंत्रात असतो.
या जुन्याचं लोढणं कशाला?"
आणि माशांच्या पेट्या मोजायला निघून गेला.

एप्रिल. खिडकीबाहेर बॅरेंट्स समुद्र,
धक्क्यावरचा बर्फ अजून दगडासारखा.
मी पहाटेच्या बसने वाडसोहून आलेली,
पाठपिशवीत केबली, थर्मास आणि चीज लावलेला पाव.

एक फाइल. तिच्यात बावीस हंगामांचा कॉड,
हॅडक, हॅलिबट; कुणाची होडी, किती किलो, काय भाव.
शेजारी तिची पहारेकरीण, दुसरी फाइल:
कुणाला आत सोडायचं, कुणी नुसतं बघायचं,
कुणी हात लावायचा, हे ठरवणारी.
तिचा पासवर्ड एका बाईने कुणालाच सांगितला नव्हता.

मला तो नकोच होता.
घर पाडायला किल्ली कशाला लागते?

डिलीट.
वापरात आहे, म्हणाला संगणक.
पुन्हा. वापरात आहे.
बंद करून चालू केला, शिव्या दिल्या,
आधी नॉर्वेजियनमध्ये, मग आईच्या सामीत.
वापरात आहे.

तेव्हा ती तिसरी दिसली.
एवढीशी, चौसष्ट बाइटांची, कुलपाची फाइल.
बत्तीस घरं यंत्राच्या नावाला, बत्तीस माणसाच्या,
बहुतेक रिकामीच.
वेक्ट-दोन. ओडनी.

मी नाव मोठ्याने वाचलं, तसा राग्नवाल दारात थांबला.
"ओडनी गेली की. मागच्या फेब्रुवारीत.
फोन आला म्हणून उठली आणि जिन्यातच…"
पुढचं त्याने हाताने सांगितलं.
"वेक्ट म्हणजे काटा. दोन नंबरचा काटा
आम्ही तेव्हाच बंद केला."
मग जरा थांबून, "केला ना?"

मिठाच्या गोण्या तीन माणसांनी सरकवल्या.
मागे टेबल, टेबलावर लोकरीचा एकच हातमोजा,
आणि धुळीखाली घुमणारा संगणक.
चौदा महिने. बॅटरीच्या आधाराने
दोन वादळं काढलेली त्याने.
मी बाहीने स्क्रीन पुसली.

होडी: स्यॉलिव.
मालक: यालमार इसाक्सेन.
कॉड, चारशे बारा किलो.
भाव:
आणि तिथे ती उभी रेघ, लुकलुकत.

कुणी काही बोललं नाही.
मग मागून यालमारच बोलला, ओल्या बुटांनिशी आत आलेला:
"चौदा महिने घसा कोरडा करतोय मी.
चारशे बारा. म्हणालो होतो की नाही?
म्हातारा भ्रमलाय म्हणत होतात."
राग्नवालने टोपी काढली आणि परत घातली.

खिडकी मिटायला गेले, तर विचारलं:
बदल जतन करायचे?
हो म्हटलं, तर भाव भरा म्हणे, भाव रिकामा चालत नाही.
तो शून्य तर मी भरणार नव्हते.
पेटीवर डकवायचं एक लेबल घेतलं,
शिसपेन्सिलीने उतरवून काढलं सगळं,
होडी, किलो, तारीख, वेळ सकाळचे नऊ चाळीस.
भावापुढे जागा सोडली, तिने सोडली होती तेवढीच.

मग नाही म्हटलं.

कुलूप मला तोडावं लागलं नाही.
शेवटचं माणूस उठलं की
ती फाइल आपली आपण नाहीशी होते, तशी ती बनवलेलीच असते.
हे मी वर्गात शिकवते. पाहिलं मात्र
त्या दिवशी, थंडीत, श्वासाची वाफ सोडत.

वर येऊन पुन्हा डिलीट दाबलं.
बावीस हंगाम, पहारेकरीण, सगळं
चहा ओतेपर्यंत गेलं.
संगणकाने साधं "झालं"सुद्धा म्हटलं नाही.

खाली अजून वाद चालू होता.
यालमार लेबल उजेडाकडे धरून उभा,
राग्नवाल पाकीट काढून, पण न उघडता:
"देतो रे, देतो. पण कुठल्या भावाने?
तेव्हाच्या, की आजच्या?"
आणि दोघांनीही
माझ्याकडे पाहिलं.